जुन्या रस्त्यावरची नावं

पुण्याहून मुंबईला जाणारा माणूस हल्ली मावळातून जातो, पण मावळ बघत नाही. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि वडगाव, कामशेत, कार्ला, खंडाळा ही गावं पाट्यांवरची नावं होऊन राहिली. वेळ वाचतो, इंधन वाचतं, हे सगळं मान्य. तरी निगडीला राहून, मावळ हाकेच्या अंतरावर असून तो आपल्याला परका व्हावा, याची रुखरुख मला अनेक वर्षं होती. त्यातच १८८५ सालच्या बॉम्बे गॅझेटियरचे पुणे जिल्ह्याचे खंड हाती लागले. ते वाचता वाचता रविवारी गाडी काढून जुन्या हमरस्त्याने निघायचं वेड लागलं, ते आजतागायत सुटलेलं नाही.

या भटकंतीचे नियम साधे आहेत. उजाडताना निघायचं. देहूरोड मागे पडलं की गाडी चाळीसच्या पुढे न्यायची नाही. एका दिवसात एक, फार तर दोन ठिकाणं. घरून निघताना गॅझेटियरमधली त्या गावची पानं वाचून निघायचं आणि अंधार पडायच्या आत घरी परतायचं. मुक्काम नाही, हॉटेलचं आरक्षण नाही. भाजे, बेडसे, लोहगड, विसापूर, राजमाची यांबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय आणि वाचकांनी ती ठिकाणं पायांखाली घातलेली आहेत. माझं मन गुंतलं ते या रस्त्याच्या एका वेगळ्याच गोष्टीत. देहूरोडपासून खोपोलीपर्यंतच्या टापूत कुणाचं नाव दगडावर राहिलं आणि कुणाचं राहिलं नाही, याचा माग काढत मी हिंडत राहिलो.

सुरुवात वडगाव मावळपासून करू. गाव महामार्गाला लागूनच आहे. इथल्या पोलीस ठाण्याच्या आवारात एका इंग्रज कप्तानाची समाधी आहे. कागदोपत्री त्याचं नाव जेम्स स्टुअर्ट. मावळात त्याला म्हणतात इष्टुर फाकडा.

१७७९ च्या वडगावच्या लढाईची ढोबळ हकिकत आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून इंग्रज फौज निघाली आणि महादजी शिंद्यांनी तिला वडगावला शरण आणलं. या ओळीत न मावलेला तपशील विलक्षण आहे. फौज साधारण ३,९०० माणसांची आणि तिच्याबरोबर तोफा नि सामान ओढायला १९,००० बैल. २३ डिसेंबर १७७८ ला सगळा लवाजमा घाट चढून वर आला. तिथून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना या फौजेने अकरा दिवस घेतले. हुकूम एकाच्या हाती नव्हता. कर्नल एगर्टन, कारनॅक आणि मॉस्टिन यांची समिती मोहीम चालवत होती. त्यातला मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारीला वारला. वाटेत भिवराव पानशांचा तोफखाना आणि मराठ्यांच्या टोळ्या फौजेला सुखाने पाऊल टाकू देत नव्हत्या.

४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, तेव्हाही मराठी मुलखात हा माणूस फाकडा म्हणूनच ओळखला जात होता, असं तो नोंदवतो. फाकडा म्हणजे शूर, रुबाबदार गडी. ही पदवी त्याला ज्यांच्याशी तो लढला त्यांनी दिली. कंपनी सरकारने दिलेली नव्हे.

पुढचं वेगाने घडलं. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली, तेव्हा गाव जळत होतं. शत्रूच्या हाती दाणावैरण लागू नये म्हणून मराठ्यांनीच ते पेटवलं होतं. वेळ पडली तर चिंचवड आणि पुणंही पेटवायची तयारी होती. चिंचवडच्या रस्त्यावरून रोज जाताना हे मला फार वेळा आठवतं. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामानाला आग लावली आणि अंधारात माघार घेतली. मराठ्यांनी त्यांना वडगावला गाठलं. कप्तान हार्टलीने पिछाडी नेटाने लढवली, पण आठवडाभरात तहावर सह्या झाल्या. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी पुढे तो तह झिडकारला.

एवढ्या मोठ्या विजयाच्या गावी लोकांनी शत्रूच्या कप्तानाची समाधी जपावी, तिला मान द्यावा, हे मला मराठी मनाचं मोठेपण वाटतं. मेलेल्या शूराशी वैर नाही, हे सांगायला इथे कुणी व्याख्यान दिलेलं नाही. लोक नुसते वागत आले. मात्र याच लढाईत मराठ्यांच्या बाजूने जे पडले, त्यांची नावं वडगावात शोधायला गेलात तर महादजींच्या पलीकडे फारसं काही हाती लागत नाही. तेव्हापासून दगडावरच्या नावांकडे मी जरा निराळ्या नजरेने बघू लागलो.

वडगावहून कामशेत ओलांडून कार्ल्याला यायला जुन्या रस्त्याने फार वेळ लागत नाही. डोंगरावर एकवीरा आहे. कोळ्यांची, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची, कितीतरी कुळांची ही आई. चैत्रात इथे मुंगीला वाट मिळत नाही. देवीच्या देवळाला खेटून आहे ते लेणं भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं. आत सुमारे १२४ फूट लांबीचा दिवाणखाना आहे आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी अजून आहेत. हे बहुतेकांना ठाऊक असतं. भाविक दर्शन घेतात, सहलीची मुलं हत्तींसमोर फोटो काढतात आणि उतरतात.

त्याऐवजी दुपारी चार वाजेपर्यंत थांबावं. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. उन्हं कलली की तिरपा प्रकाश दर्शनी भिंतीवर येतो आणि एरवी खडकात मिसळून गेलेली ब्राह्मी अक्षरं सावली धरून उठून दिसायला लागतात. उभ्या काठ्या, छोटी वर्तुळं, त्रिकोणासारखी वळणं. बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नाहीत, पण छिन्नीचा हात कुठेही डळमळलेला नाही.

ही सगळी दात्यांची नावं. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल आपल्या लेखात या शैलगृहाला जंबुद्वीपातलं सर्वोत्तम म्हणतो. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक गाव दान दिल्याचा लेख आहे, त्यात या जागेचं जुनं नाव वलुरक असं येतं. राजाचा जावई, सावकार, परदेशी व्यापारी. दान देणाऱ्याचं नाव कोरलं जाणं यात नवल नाही.

नवल आहे ते दाराजवळच्या एका छोट्या लेखाचं. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार घडवलं, एवढंच त्यात आहे. त्याच दाराचं दान सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्याने, दिल्याचाही लेख तिथेच आहे. पैसे कुणी दिले आणि काम कुणी केलं, दोन्ही नोंदलं गेलंय. अक्षरं त्याच मापाची, दगड तोच, उंचीही साधारण तीच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या समाजात विषमता नव्हती असं कुणी म्हणणार नाही. पण ज्याच्या हाताने दार उभं राहिलं त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव दारावर लिहावं एवढी रीत त्यांच्याकडे होती. सामी सुताराला वाचल्यावर मी लोणावळ्याकडे निघतो तो पुढच्या खंडाळ्याच्या घाटाचा, बोरघाटाचा, विचार करतच.

लोणावळ्यातून झपाट्याने पुढे जावं. चिक्की आणि वाहतूक, दोन्हींत वेळ जातो. खंडाळ्याच्या घाटमाथ्याला गाडी लावून दरीकडे बघत उभं राहिलं की समोर नागफणी आणि खाली हिरव्या कड्यांच्या पोटात शिरणारे रुळ दिसतात. इथे माझं संशोधन खरं गुंतलं.

१० नोव्हेंबर १८३० ला सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत घाटातून गाडीरस्ता खुला झाला. तो कप्तान ह्यूजने बांधल्याची नोंद दगडी पाटीवर करण्यात आली. काम सुरू झाल्याची तारीखही तिच्यावर होती, १९ जानेवारी १८३०. गव्हर्नराचं नाव, कप्तानाचं नाव, दोन तारखा. दहा महिन्यांत हा रस्ता खडकातून काढणाऱ्यांबद्दल पाटी गप्प आहे.

मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी घाटाची आखणी केली. १८५६ च्या जानेवारीत फेव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराने काम सुरू केलं. खंडाळा ते पुणे गाडी १४ जून १८५८ ला धावू लागली, कोकणातून रूळ घाटाच्या पायथ्याशी आलेच होते, आणि मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून नाही तर बैलगाडीतून ओलांडावा लागे. मधला हा तुकडा जोडायला १८६३ साल उजाडलं.

आकडे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय कामाची कल्पना येत नाही. लांबी जेमतेम १६ मैल, चढ १,८३१ फूट. सर्वांत अवघड जागी ३७ फुटांमागे एक फूट चढण. २५ बोगदे, ८ मोठे दगडी पूल. वीस लाख घनयार्डांहून अधिक खोदाई, तीही बहुतेक काळ्या कठीण खडकात. चढ एका दमात साधेना म्हणून खंडाळ्याजवळ उलट-स्थानक केलं. गाडी तिथे शिरायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि आलेल्या दिशेच्या कोनातून गाडी पुन्हा बाहेर पडायची. १९२९ मध्ये नवे बोगदे झाल्यावर ते बंद झालं.

हा खडक फोडला कसा? यंत्राची छिद्रणी अजून यायची होती. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, भोकात पाणी सोडायचं, दगडाचा चिखल काढायचा आणि पुन्हा घाव. असं हातभर भोक पडलं की त्यात दारू ठासायची. जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे माणसं दोराने कड्यावरून खाली सोडली जात. ती लोंबकळत भोकं पाडत. फुटलेला दगड पाट्यांतून, डोक्यावरून, बायामुलांसह अख्खी कुटुंबं वाहत. पावसाळ्यात काम ठप्प, म्हणजे मजुरीही ठप्प. उन्हाळ्यात पाण्याचे हाल आणि तळावर पटकी.

मजुरी वेळेवर मिळत नव्हती. फेव्हिएलने कामाचे तुकडे पोटठेकेदारांना दिले होते, ते खालच्या मुकादमांना देत. मधल्या प्रत्येक हाताला काही ना काही चिकटत असे. २० जानेवारी १८५९ ला मजुरांचा बांध फुटला. थकलेल्या पैशांसाठी ते गोऱ्या अंमलदारांवर चालून गेले. १८५७ नंतर दीड-दोन वर्षंच उलटलेली. सरकारला घाम फुटला आणि चौकशी झाली. मार्चमध्ये फेव्हिएलने ठेका सोडला.

या दंग्यातून एक कायदा जन्मला. १८६० चा नववा कायदा, मालक आणि कामगार यांच्या वादांचा. रेल्वे, कालवे आणि सार्वजनिक बांधकामांवरच्या मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट निकालात काढावेत, अशी त्यात तरतूद झाली. थकलेल्या मजुरीसाठी न्याय मागायची एक वाट मजुराला मिळाली. पण त्याच कायद्यात, ठरलेलं काम सोडून गेला तर मजुरावर फौजदारी शिक्षेची टांगती तलवारही ठेवली. मालकाने पैसे बुडवले तर तो देण्याघेण्याचा वाद, मजुराने काम सोडलं तर तो गुन्हा. भारतातल्या कामगार कायद्यांचा इतिहास कारखान्यांपासून सुरू करायची आपल्याला सवय आहे. त्याचं एक मूळ खंडाळ्याच्या घाटात आहे आणि ते अक्षर न वाचता येणाऱ्या माणसांनी दगड उचलून रोवलेलं आहे.

दंग्याच्याच वर्षी, १८५९ च्या नोव्हेंबरमध्ये, सॉलोमन ट्रेडवेल हा नवा ठेकेदार इंग्लंडहून उतरला आणि पंधरा दिवसांत मेला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका परत केला नाही. ॲडमसन आणि क्लाऊझर या व्यवस्थापकांना हाताशी धरून तिने तो पुरा केला. एकोणिसाव्या शतकातली एक विधवा, परक्या मुलखात, आशियातल्या अत्यंत अवघड रेल्वेकामाची धनीण होते, ही गोष्ट खरोखर मोठी आहे. रेल्वेच्या इतिहासात तिला आता कुठे जागा मिळू लागली आहे, ती मिळायलाच हवी. तिच्या काळात, १८६१ च्या जानेवारीत, कामावर ४२,००० माणसं होती. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी घाटाचं उद्घाटन केलं. चारच वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. घाईच्या बांधकामाची झडती मग कुठे सुरू झाली.

बर्कलीचं नाव राहिलं, फेव्हिएलचं राहिलं, ट्रेडवेल नवरा-बायकोंचं राहिलं, व्यवस्थापकांचीही राहिली. बेचाळीस हजारांपैकी एकही नाव मला गॅझेटियरात दिसलं नाही. पटकीने आणि सुरुंगांनी यातले हजारो मेले. पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात बोगद्यांची यार्डांतली लांबी मिळते, पुलांच्या कमानींची रुंदी मिळते. माणसं तिथे हंगामागणिक चढउतार होणारी संख्या आहे.

खंडाळ्याच्या पुढे काही अंतर जुना आणि नवा रस्ता एकत्र येतात. जिथे अमृतांजन पूल होता तिथून आता मोकळं आभाळ दिसतं. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत तो सुरुंग लावून पाडला. पुढे खोपोलीकडे उतरणारी वाट फुटते आणि वळणावर शिंगरोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले, एसटीचे चालक वेग कमी करतात, हात जोडतात, नाणं टाकतात.

शिंगरोबा हा धनगर. साहेबाला घाटातली वाट सापडेना, ती याने दाखवली. बक्षीस माग म्हटल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. ही लोककथा आहे, ती लोककथा म्हणूनच घ्यावी. पण ती कशासाठी जन्मली याचा विचार करताना मला घाटातले ते बेचाळीस हजार दिसतात. ज्यांना घाटाची प्रत्येक घळ ठाऊक होती, ज्यांनी काम केलं, ज्यांचा मोबदला बुडाला आणि जे इथेच मेले, त्यांचं सगळं दुःख या एका धनगरात साठवून लोकांनी त्याला देव केलं. सरकारी पाटीने ज्यांना वगळलं त्यांची नोंद घाटाने अशी ठेवली. इतिहासकारांनी शिंगरोबाला भाबडी समजूत म्हणून बाजूला सारू नये. मजुरांच्या बाजूने या घाटात उभं असलेलं स्मारक म्हणाल तर तेवढं एकच आहे.

एकाच रस्त्यावर इतकं अंतर दिसतं. वडगावने शत्रूच्या कप्तानाला समाधी दिली. कार्ल्याने सुताराचं नाव दारावर कोरलं. आणि ज्या घाटावरून आपण सगळे रोज ये-जा करतो, ज्याच्या बोगद्यांतून डेक्कन क्वीन जाते, तो घाट फोडणाऱ्यांसाठी आपण साधी फरशी बसवलेली नाही. १८६३ मध्ये राज्य परक्यांचं होतं, ते समजू शकतो. १९४७ नंतरची इतकी वर्षं मात्र आपली आहेत. स्वागतकमानी उभ्या राहिल्या, सेल्फी पॉइंट झाले, फलक लागले. खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर एक दगड उभा करायला खर्च किती येणार? त्यावर नावं लिहिता येणार नाहीत, पण १८५६ ते १८६३ या काळात हा घाट फोडणारे, मजुरीसाठी उठाव करणारे आणि इथे मेलेले स्त्री-पुरुष, एवढं मराठीत लिहिता येईल. २० जानेवारी ही तारीखही कोरावी. रेल्वेने आणि मावळातल्या नगरपरिषदांनी हे मनावर घ्यावं, कामगार संघटनांनी त्यांच्या मागे लागावं.

तोवर वाचकांना एवढंच सांगेन. या दिवाळीच्या सुट्टीत जुन्या रस्त्याने निघा. वडगावला पोलीस ठाण्यात रीतसर विचारून फाकड्याची समाधी बघा, दुपारी चारला कार्ल्याच्या दाराशी सामी सुताराचा लेख शोधा आणि उतरताना शिंगरोबापाशी गाडी बाजूला घेऊन घरच्या मुलांना त्या बेचाळीस हजारांची गोष्ट सांगा. पाठ्यपुस्तकात ती त्यांना भेटणार नाही.